मुलाला कराटेच्या क्लासला घालण्यापूर्वी

उन्हाळी सुट्टी जवळ आली की जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार येथील चौकांत कराटे-तायक्वांदो शिबिरांचे फलक लागतात आणि यांतले कोणते चांगले, असा प्रश्न पालक एकमेकांना विचारू लागतात. माझ्या मते प्रकारापेक्षा शिकवणाऱ्याची निवड अधिक महत्त्वाची आहे. थोडक्यात सांगायचे तर तायक्वांदोत लाथांवर भर असतो, ज्युदोत पकड आणि फेक असते, आणि कराटेत हात व पाय दोन्ही वापरले जातात. कुस्तीचा आखाडा गावातच असेल, तर तोही यांच्या तोडीचा पर्याय आहे, हे आपण उगाच विसरतो.

पैसे भरण्यापूर्वी एक पूर्ण तास वर्ग पाहावा. पालकांना आत बसू न देणारा वर्ग मी तरी लगेच सोडून देईन. मुले उघड्या फरशीवर पडतात की मॅटवर, सुरुवातीला अंग मोकळे करून घेतले जाते का, पडताना डोके कसे सांभाळायचे हे शिकवले जाते का, आणि समोरासमोर लढत लावताना वजन, वय व अनुभव यांचा मेळ घातला जातो का, हे नीट बघावे. लहान मुलांच्या लढतीत डोक्यावर मारण्यास मनाई असावी. तरीही डोक्याला मार बसून मुलाला चक्कर, उलटी किंवा गुंगी आली, तर ‘काही नाही, ऊठ’ म्हणणाऱ्या सरांचे न ऐकता खेळ तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. चुकलेल्या मुलाला पट्ट्याने मारणे ही शिस्त नव्हे.

पट्ट्यांचा विषय पैशाचा आहे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला परीक्षा असते आणि तिचे शुल्क मासिक फीहून वेगळे असते, म्हणून गणवेश, परीक्षा व स्पर्धा यांचा वर्षाचा एकूण खर्च आधीच लिहून घ्यावा. वर्षभरात काळा पट्टा मिळवून देण्याची हमी जिथे मिळते, तिथे पट्टा विकला जातो, असे खुशाल समजावे. नियमित सरावानेही त्याला सहसा काही वर्षे लागतात. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांच्या आशेने मुलाला घालत असाल, तर संबंधित स्पर्धा त्यासाठी ग्राह्य धरली जाते का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातच विचारावे, कारण घरातल्या कपाटातली सगळी पदके त्यासाठी चालत नाहीत.

मुलींच्या वर्गात एखादी महिला प्रशिक्षक असावी, आणि पकड दाखवताना कुठे व का हात लावला जाणार हे आधी सांगितले जावे. स्पर्धेसाठी बाहेरगावी नेताना सोबत कोण जाणार, मुले कुठे मुक्काम करणार, हे लेखी घ्यावे. मूल अचानक क्लासला जायला नकार देऊ लागले, तर त्याला आळशी ठरवण्याआधी शांतपणे कारण विचारावे. गरज वाटल्यास १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

शेवटी आपल्या उन्हाचे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये सायंकाळी पाचचा वर्गही भट्टीसारखा तापलेला असतो. सकाळी सहा-साडेसहाची वेळ मागून घ्यावी, आणि पाणी पिण्यासाठी मुलांना परवानगी मागावी लागत नाही ना, हे त्या पाहणीच्या तासातच बघून ठेवावे.