नागपुरात बँडसाठी गिटार आणि बास घेताना

लॉनवर, हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडनं महागड्या गिटारीमागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यामाहा पॅसिफिका 112 आणि बाससाठी टीआरबीएक्स 174 यांवर काम छान निभतं. पॅसिफिकाला ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) असतो, आणि तो फार उपयोगी पडतो. लग्नाच्या लॉनवर डिमरचे दिवे स्टेजला चिकटूनच असतात. एकाच कॉइलचे पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, तिथे गुणगुणतात, हंबकर बराच शांत राहतो.

दुकानात आधी अॅम्प लावूच नका. प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून (नेकवरची, म्हणजे गिटारच्या दांड्यावरची, धातूची आडवी पट्टी) शेवटच्यापर्यंत एकेक सूर दाबत वाजवा. कुठे खरखर येते ते लगेच कळतं. मग नेकच्या कडेवरून तळहात सरकवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. टोकं घासून घेता येतात, वाकलेली नेकही तिच्या आतल्या ट्रस रॉडनं (घट्ट-सैल करता येणाऱ्या सळईनं) सरळ होते. पण पिळलेली नेक दिसली तर ती गिटार तिथेच ठेवा.

बास पट्टा लावून, उभं राहून दहा मिनिटं वाजवा. हात सोडल्यावर नेक खाली झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा भरून येतो.

शेवटी अॅम्प लावा आणि जॅकमधली केबल हलवून बघा. आवाज तुटला तर जॅक बदलून मागा. सेटअपचे, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट जुळवून घेण्याचे, पैसेही आधीच बाजूला काढा.