फायनल इयर प्रोजेक्टचे टप्पे पाडताना

सिनॉप्सिस मंजूर झाला की बहुतेक ग्रुप एकच वाटणी करतात: एकाने हार्डवेअर, दुसऱ्याने ॲप, तिसऱ्याने रिपोर्ट, आणि मार्चमध्ये सगळं जोडू. कागदावर ही जोडणी एका ओळीत मावते. प्रत्यक्षात तीच सेमिस्टर खाते. असं करू नका.

आमचा विषय द्राक्षबागेतल्या डाऊनी या रोगाची आगाऊ सूचना. पान किती वेळ ओलं राहतं ते मोजायचं आणि ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या चिपवरून पाठवायचं. सेन्सर ४ नंबरच्या पिनवर तपासला, आकडे चोख. वाय-फाय वेगळं तपासलं, तेही चोख. एकत्र चालवलं आणि रीडिंग गेलं! सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, आपसात भांडणं झाली. कारण एवढंच, की या चिपमध्ये दोन एडीसी, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारे भाग, आहेत आणि वाय-फाय चालू असताना दुसरा वापरता येत नाही. ४ नंबरची पिन नेमकी त्या दुसऱ्यावर. वायर पहिल्या एडीसीच्या ३४ नंबरच्या पिनवर नेली, काम झालं. सुटे भाग महिनाभर तपासले असते तरी हा दोष सापडला नसता.

म्हणून पहिल्या टप्प्यात एकच सेन्सर घ्या, पण त्याचा आकडा पानापासून मोबाइलपर्यंत पोचवा. स्क्रीन ओबडधोबड असू दे. मग तापमान, मग आर्द्रता, मग बॅटरी. दर टप्प्याला वस्तू चालती हवी. ‘कोडिंग सत्तर टक्के झालं’ हा टप्पा नव्हे.

आणि तारखा रिव्ह्यूच्या वेळापत्रकावरून लावू नका. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला, की डाऊनीची खरी भीती. सेन्सरचा डबा तेव्हा बागेत हवा. मार्चच्या कोरड्या हवेत काय मोजणार?

तयार प्रोजेक्ट विकत घेऊ नका, याबाबत मी ठाम आहे. व्हायव्हात एक वायर काढली की तोंड उघडत नाही. रिपोर्टचे मार्जिन तपासणाऱ्या गाइडपेक्षा ‘चालवून दाखव’ म्हणणारा लाखपट बरा. तसा नाही मिळाला तर लॅब असिस्टंटना धरा, त्यांनी जळालेले बोर्ड पुष्कळ पाहिलेले असतात.

मागे पडला असाल तर घाबरू नका, खरंच. आर्द्रता सोडा, ॲपची सजावट सोडा. बागेत टिकलेला एक सेन्सर आणि त्याच्या रोजच्या नोंदी एवढ्यावरही परीक्षकांशी नीट बोलता येतं. राहिलेलं सगळं रिपोर्टमध्ये ‘पुढील काम’ या मथळ्याखाली लिहा.