घाटात जायच्या आधी ब्रेक ऑइल बदला

रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) झाला, नवा एअर फिल्टर बसला, की पुढचा रविवार गगनबावड्याला, हे कोल्हापुरात ठरलेलंच. पण करूळ घाट उतरायच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. कोऱ्या चहासारखं दिसलं तर बदला. रंग चांगला असला तरी दोन वर्षांच्या पुढे ठेवू नका.

हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्ही जाणताच. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरला की ती मर्यादा १५५ वर येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले की पाइपात वाफ धरते आणि पेडल पार खाली जातं. माझं एकदा गेलंय. गिअर उतरवत कशीबशी गाडी थांबवली, पण पाय बराच वेळ थरथरत होते.

घरी बदलताना एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवेतच. ब्लीडरला (चाकामागच्या ब्रेकवरचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं नवं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. पेडल दाबलं की ब्लीडर सैल करा, पाय उचलायच्या आधी आवळा. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. वरची डबी रिकामी होऊ देऊ नका. हवा शिरली की सगळं पहिल्यापासून. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा.

गेल्या वर्षी सील फोडलेली ऑइलची बाटली वापरू नका. बॉडीवर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर ऑइलनं रंग उडतो.