बीपीटीएच झालं, पण क्लिनिक टाकायचं नाहीये?

बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची इंटर्नशिप संपत आली की घरी आणि हॉस्टेलवर एकच चौकशी सुरू होते: क्लिनिक टाकणार की एमपीटीएच, म्हणजे फिजिओतलीच पदव्युत्तर पदवी, करणार? डेंटल, नर्सिंग, आयुर्वेद, सगळीकडे थोडीफार हीच तऱ्हा. आपल्यातले बरेच जण एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे आलेले असतात. त्यामुळे पेशंट बघणं सोडायचं म्हटलं की दुसऱ्यांदा हरल्यासारखं वाटतं. तसं काही नसतं. मी फिजिओनंतर सार्वजनिक आरोग्याकडे वळले, म्हणून त्याबद्दलच जास्त बोलेन.

एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला, डॉक्टरच लागतो हा गैरसमज आहे. मुंबईत देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर एका वर्गात बसतात. तिथला प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. देवनारलाच आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, हीच संस्था राबवते. तिथे लोकसंख्याशास्त्र आणि जैवसांख्यिकी शिकवतात, पण त्यासाठी गणिताशी बरं जमायला हवं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतला एमपीएच 1997पासून चालू आहे.

फॉर्म भरण्याआधी मात्र एक संध्याकाळ काढा. एनएफएचएसचं आपल्या जिल्ह्याचं फॅक्टशीट फुकट मिळतं, ते घेऊन बसा. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण चौथ्या फेरीत 48 टक्के होतं, पाचव्या फेरीत (2019-21) 54.2 टक्के झालं. लोहाच्या गोळ्या तर वर्षानुवर्षं वाटल्या जातायत, मग आकडा वाढला कसा? आहार बिघडला, गोळ्या घेतल्याच गेल्या नाहीत, की बोटातून घेतलेल्या थेंबाच्या मोजणीतच गोम आहे? शिरेतून घेतलेल्या रक्ताचं मोजमाप वेगळं येऊ शकतं. हे प्रश्न डोक्यात घोळत राहिले तर हे क्षेत्र तुमचं. कंटाळा आला तर दोन वर्षं आणि फी वाचली म्हणायची!

शिकताना सगळ्यात जड जाते ती संख्याशास्त्राची सवय. आपण एकेका पेशंटचा विचार करायला शिकलेलो असतो. समोरच्या बाईचा गुडघा का दुखतो ते पाच मिनिटांत कळतं. तालुक्यात किती जणींचा दुखतो आणि त्या दवाखान्यात का येत नाहीत, हे शोधायला नमुना निवडावा लागतो, प्रश्नावली बनवावी लागते, ती आधी चार घरांत वापरून बघावी लागते. निम्मा वेळ तर एक्सेलमधला कचरा साफ करण्यात जातो. फिजिओचा फायदा एवढाच, की गावात माणसांशी बोलताना अवघडायला होत नाही.

नोकऱ्या बहुतेक प्रकल्पावरच्या, कंत्राटी. प्रकल्प संपला की पुढचा शोधायचा. स्थळं बघणाऱ्या मावशीला हे समजावणं थिसिस लिहिण्यापेक्षा अवघड.

ज्यांना फिरती नको, त्यांनी फार्माकोव्हिजिलन्स बघावं: औषधांच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट वाचून नोंदवायचे, संगणकासमोर बसून, मुदतीत. इंग्रजी लिखाण नेटकं हवं. पुण्या-मुंबईतल्या कंपन्या फार्मसीबरोबर डेंटल, आयुर्वेदवाल्यांनाही घेतात. क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचण्यांत, समन्वयकाचं काम माणसांशी जास्त येतं. पण ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या डिप्लोमांपासून सांभाळून. मागच्या बॅचच्या दोघातिघांचे नंबर मागा. दिले नाहीत तर पैसे भरू नका. बीएएमएस आणि बीएस्सी नर्सिंगवाल्यांना समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचंही पद आहे, तेही कंत्राटीच.

बारावीतली भावंडं विचारत असतील तर त्यांना वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतला वाचा-श्रवण विषयाचा आणि हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेतला कृत्रिम अवयवांचा पदवी अभ्यासक्रम सांगा. दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था, आणि आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाहीत.

आणि वाट कुठलीही धरा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा. दोन प्रकल्पांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत संध्याकाळचे चार पेशंट बघता येतात, आणि घरभाडं निघतं.