कोथिंबीर वरून भुरभुरण्याआधी

मेथी, पालक, चुका नीट शिजले की जंतू आचेतच मरतात. खरी काळजी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांची: कोथिंबीर, पुदिना, भाकरीसोबतची कच्ची मेथी. शेणखत, गढूळ पाणी, बाजारात दिवसभर मारलेले शिपके, सगळं याच पानांवर पडलेलं असतं.

जुडी तशीच नळाखाली धरून भागत नाही. आधी ती सोडा. मुळं, सडकी पानं काढून टाका. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि हाताने वर उचलून चाळणीत काढा. पातेलं उपडं केलंत तर तळाची माती पुन्हा पानांवरच! पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करा. शेवटचं पाणी पिण्याचं हवं. साबण अजिबात नको. चिमूटभर मिठाने जंतू मरत नाहीत, तो भ्रम सोडा.

धुऊन ओली फ्रिजमध्ये कोंबू नका. निवडून, कोरडी, कागदात गुंडाळून, मासे-मटणापासून लांब ठेवा. मासे चिरलेली विळी आधी साबणाने घासा, मगच कोथिंबीर. पावसाळ्यात मी तर ती आमटी उकळतानाच घालते. वास जरा कमी येतो, चालतं.