अडत्याचा परवाना आणि लिलावाचे नियम: या चुका टाळा

बाजार समितीची नोटीस घेऊन एखादा अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारा दुकानदार, माझ्याकडे आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "परवान्याच्या अर्जात काही राहून गेलं होतं का हो?" अर्जात सहसा काहीच राहिलेलं नसतं. गाळ्याचा करार, अनामत, जामीनदार, मागच्या वर्षीचा सेस (बाजार शुल्क) भरल्याचा दाखला, हे सगळं कार्यालयातला लिपिक स्वतःच तपासून घेतो. मी म्हणतो, अर्ज राहू द्या, आधी गेल्या तीन महिन्यांची पट्टीबुकं, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या हिशोबाच्या पट्ट्यांची पुस्तकं, आणा. परवाना अडकतो तो तिथं.

अडत दुकानांचे हिशोब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या काळात जेवढे परवाने निलंबित झालेले पाहिले, त्यातले बहुतेक एखाद्या मोठ्या लबाडीमुळे गेले नव्हते. "बाजारात असंच चालतं" म्हणून रोज केलेल्या बारीक गोष्टी एके दिवशी कागदावर उघड्या पडल्या, एवढंच झालं होतं. अशा दुकानदाराबद्दल वाईट वाटतं. ढिगामागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याबद्दल जास्त वाईट वाटतं, कारण त्या प्रत्येक बारीक गोष्टीचे पैसे त्याच्या खिशातून गेलेले असतात.

कायदा बदलला, आता परवाना लागत नाही

हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार आवाराबाहेरच्या व्यवहारावरचं समितीचं नियंत्रण उठलं. आवाराच्या आत बसून अडत करायची असेल तर परवाना तेव्हाही लागत होता, आजही लागतो. २०२० च्या केंद्राच्या कृषी व्यापार कायद्याचा दाखला देणारेही भेटतात. तो कायदा २०२१ मध्येच मागे घेतला गेला.

आपल्याकडे मूळ आधार १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आणि त्याखालचे १९६७ चे नियम. कलम ६ प्रमाणे अडत्या, व्यापारी, दलाल, तोलणार, मापाडी यांपैकी कोणालाही परवान्याशिवाय काम करता येत नाही. कलम ७ प्रमाणे परवाना देते ती बाजार समिती, आणि नाकारायचा असेल तर तिला कारणं लेखी द्यावी लागतात. कलम ८ मध्ये निलंबनाचे आणि रद्द करण्याचे अधिकार आहेत. याखेरीज प्रत्येक समितीचे स्वतःचे उपविधी, म्हणजे तिने केलेले स्थानिक नियम, असतात, आणि अडत्याने न वाचलेला कागद कुठला असेल तर तो हाच. शेजारच्या तालुक्यात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं धरू नका. उपविधीची प्रत कार्यालयातून मागून घ्या आणि दुकानात गल्ल्याजवळ ठेवा.

अडत्यानेच माल घेणं

सगळ्यात जास्त गुंता इथं होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिलाव चालू आहे. बोली वाढत वाढत एका आकड्यावर थांबली, खरेदीदार पुढच्या ढिगाकडे सरकायला लागले. अडत्याला वाटतं, भाव पडलाय, चार दिवसांत चढेल. तो पुतण्याच्या किंवा मुनिमाच्या नावाने सौदा पक्का करतो. शेतकऱ्याला पट्टी मिळते, त्यावर खरेदीदार म्हणून कुठलंतरी नाव असतं. शेतकरी घरी जातो. चार दिवसांनी माल चढ्या भावाने विकला जातो.

अडत्याच्या दृष्टीने हा धंदा झाला. पण अडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी आहे आणि प्रतिनिधीचे नियम १८७२ च्या करार कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. मालकाची संमती न घेता आणि सगळी वस्तुस्थिती न सांगता प्रतिनिधीने स्वतःसाठी व्यवहार केला, आणि त्यात महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा मालकाचं नुकसान झालं, तर कलम २१५ प्रमाणे मालक तो व्यवहार नाकारू शकतो. मालकाला न कळवता स्वतःच्या नावावर व्यवहार केला असेल तर कलम २१६ प्रमाणे त्यातून झालेला फायदाही तो मागू शकतो. म्हणजे चार दिवसांनी मिळालेला तो वाढीव भाव शेतकऱ्याने मागितला तर त्याची मागणी कायद्याला धरून आहे. परवान्याच्या अटींचा भंग झाला तो वेगळाच.

अडत आणि खरेदी ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या परवान्यावर कुठली लिहिली आहेत ते आज पाहा. दोन्ही असतील तरी स्वतःच्याच दुकानावर आलेला माल स्वतः घेण्याबाबत उपविधी काय म्हणतात ते वाचल्याशिवाय बोली लावू नका. आणि घेतलाच, तर शेतकऱ्याला तोंडावर सांगा, "दादा, हा माल मीच घेतोय, भाव पटत नसेल तर उद्याच्या लिलावाला ठेवू," आणि पट्टीवर स्वतःचं खरं नाव लिहा. असं सांगणाऱ्या दुकानावर शेतकरी दुसऱ्या दिवशी परत येतो, हे मी पाहिलेलं आहे.

बोली तुटल्यावर, म्हणजे सौदा पक्का झाल्यावर, भाव कापणं

ट्रॉलीतल्या कांद्याचा लिलाव होतो. वरचा माल पाहून भाव ठरतो, सौदापट्टी (ठरलेल्या भावाची चिठ्ठी) बनते, ट्रॅक्टर खरेदीदाराच्या खळ्यावर जातो. अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर आवाज येतो, "खाली माल हलका आहे, दोनशे कमी करा." शेतकऱ्याची अवस्था अशी की अर्धा माल जमिनीवर, अर्धा ट्रॉलीत, ट्रॅक्टर भाड्याचा आणि दिवस कलायला लागलेला. तो मान हलवतो. नंतर त्याच सौदापट्टीवर आकडा खोडून नवा लिहिला जातो.

१९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दल आहे. हातोडा पडला किंवा रिवाजाप्रमाणे बोली तुटली की विक्री पूर्ण होते. त्याआधी बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो, नंतर नाही. खालचा माल खरोखर वेगळा निघाला तर ती तक्रार आहे, आणि तक्रारीला वाट आहे: काम थांबवा, समितीच्या निरीक्षकाला बोलवा, माल जसा आहे तसा त्याला दाखवा, तडजोड झाली तर ती वेगळ्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहा. तडजोड नाही झाली तर पणन कायद्याच्या कलम १० प्रमाणे वाद समितीपुढे नेता येतो. खोडलेली सौदापट्टी मात्र कुणालाच वाचवत नाही. तपासणीत पहिलं बोट तिच्यावरच पडतं आणि त्या खोडीचा खुलासा अडत्याला करावा लागतो, खरेदीदाराला नाही.

बोली उघडच हवी. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत कितीही जुनी असली तरी नियमांत तिला जागा नाही.

पट्टीवरची "इतर" ओळ

एका दुकानाचं पट्टीबुक तपासताना मला हे सापडलं होतं. काटापट्टीवर (वजनाच्या चिठ्ठीवर) ४२ गोण्यांचं निव्वळ वजन २,०५८ किलो, म्हणजे बारदान (रिकाम्या गोण्यांचं वजन) आधीच वजा झालेलं. हिशोबपट्टीवर त्याच मालाचं वजन २,०१६ किलो. मधले ४२ किलो गेले कुठं? गोणीमागे एक किलो "कडता", म्हणजे घट म्हणून कापलेलं वजन. भाव होता किलोला १८ रुपये, म्हणजे ७५६ रुपये. शिवाय खाली "इतर खर्च" म्हणून एक रक्कम, आणि ती कशाची हे मुनिमालाही सांगता येईना. "शेठ, आधीपासून लावतोय," एवढंच त्याचं उत्तर.

मुनिमाने केलं म्हणून मालक सुटत नाही. परवानाधारकाच्या नोकराने किंवा त्याच्या संमतीने काम करणाऱ्या कोणीही अटींचा भंग केला, तरी कलम ८ खाली परवाना मालकाचाच जातो.

पट्टीवर कापता येते ती फक्त उपविधीत नाव आणि दर असलेली रक्कम. फळं-भाजीपाल्याची अडत (कमिशन) शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, हे २०१६ पासून ठरलेलं आहे. तरी ती वेगवेगळ्या नावांनी पट्टीत परत येते: नमुना, सूट, वाराई, कधी नुसतंच "इतर". अशी रक्कम आधीच कापली गेली असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. त्या शेतकऱ्याला फोन करा, फरक त्याच्या खात्यावर भरा, पावती पट्टीला जोडून ठेवा. वर सांगितलेल्या दुकानाने पुढे तेच केलं. पुस्तकात सापडले तेवढे सगळे फरक परत केले. मला त्या मालकाचं कौतुक वाटलं.

काट्याचंही यातच सांगून टाकतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी लागते. मुद्रांकनाचं प्रमाणपत्र काट्याशेजारी दिसेल असं लावा.

पैसे "बसतील तेव्हा"

विक्रीनंतर २४ तासांत शेतकऱ्याचे पैसे मिळाले पाहिजेत, हे प्रत्येक अडत्याला पाठ असतं. तरी पंधरा दिवस पुढच्या तारखेचा चेक दिला जातो, कारण "खरेदीदाराकडूनच आले नाहीत". खरेदीदाराला उधारीवर माल देणं हा तुमचा निर्णय होता. शेतकऱ्याने तो घेतलेला नव्हता. न वटलेला एक चेक दहा शेतकऱ्यांना समितीच्या दारात उभा करतो, आणि परवाना निलंबित व्हायला याहून लवकरचा रस्ता मला माहीत नाही.

उधारी द्यायचीच असेल तर आपल्या भांडवलाच्या आत द्या आणि खरेदीदारनिहाय मर्यादा लिहून ठेवा. थकबाकी वाढायला लागली की त्या खरेदीदाराला लिलावात बोली लावू द्यायची की नाही, हे समितीला लेखी विचारा. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारू नका, तो प्राप्तिकराचा वेगळा फास आहे.

सगळ्यांनी मिळून लिलाव बंद ठेवणं

सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी कांदा लिलाव बंद ठेवले. ऑगस्टमध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं होतं, त्याचा राग होता, आणि त्या रागाला कारण होतं. पण त्या काळात परवाने रद्द करण्याचा इशाराही आला, तो काही हवेतून आलेला नव्हता. इतर परवानाधारकांशी संगनमत करून बाजार अडवण्याच्या हेतूने कामकाज बंद ठेवणं, हे कलम ८ मध्ये परवाना काढून घ्यायचं एक स्वतंत्र कारण आहे.

माझं मत स्पष्ट आहे. सरकारशी भांडायचं तर निवेदन द्या, मोर्चा काढा, कोर्टात जा. साठवणीच्या चाळीत सडणारा कांदा शेतकऱ्याचा असतो. आजारपण, लग्न, दुखवटा अशा खऱ्या कारणाने एकट्याचं दुकान बंद ठेवायचं असेल तर सचिवांना आदल्या दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या, म्हणजे तुमची सुट्टी बंदमध्ये मोजली जाणार नाही.

वडिलांच्या नावावर मुलाचा धंदा

वडील वारले, तेराव्यानंतर मुलगा गादीवर बसला, पट्ट्या तशाच फाटत राहिल्या. परवाना व्यक्तीला किंवा फर्मला दिलेला असतो, तो सात-बारासारखा वारसाने उतरत नाही. गाळा वेगळा, परवाना वेगळा. भागीदार आला, गेला, फर्मचं नाव बदललं, तरी आधी समितीला कळवून नवा परवाना किंवा दुरुस्ती घ्या. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही हे मला समजतं, म्हणून घरातल्या कोणीतरी, निदान मुनिमाने, मृत्यूच्या दाखल्यासोबत समितीकडे एक अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.

हमालांचंही लक्षात ठेवा. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळाकडे नोंदणी आणि मंडळामार्फत मजुरी, हे टाळून रोख वाटलेली हमाली नंतर व्याजासकट पुढे येते.

नोटीस आलीच तर

सभापतींच्या घरी जाऊन हातापाया पडण्यात दोन दिवस घालवू नका. कारणे दाखवा नोटिशीला मुदत असते आणि मुदतीत लेखी उत्तर गेलं नाही की तुमची बाजू कागदावर राहतच नाही. प्रत्येक आरोपाला वेगळा परिच्छेद, प्रत्येक परिच्छेदात पट्टी क्रमांक आणि तारीख, मागे काटापट्टी, सौदापट्टी आणि हिशोबपट्टी या क्रमाने जोडलेल्या. चूक झाली असेल तर ती मान्य करून फरक परत केल्याची पावती लावा. शेवटी सुनावणीची संधी मागा, कारण तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय परवाना काढून घेता येत नाही. उत्तर आवक-जावक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

निलंबनाच्या काळात भावाच्या किंवा मेव्हण्याच्या परवान्यावर माल उतरवू नका. त्यात त्याचाही परवाना जातो, आणि तुमचं निलंबन उठायचं तिथं रद्दचा प्रस्ताव तयार होतो. आदेश चुकीचा वाटत असेल तर पणन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अपील आहे. आदेशाचा लिफाफा हातात पडेल तेव्हा तो फाडून फेकून देऊ नका. त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, सही करा, आदेशाला टाचून ठेवा, कारण अपिलाची मुदत मोजताना त्याच तारखेवरून वाद होतो.