पाटे वाढवण्यापेक्षा कमान भरून घेतली

माझी पिकअप 2008 ची. हौद्यात तंबू, पाण्याचे दोन कॅन, शेगडी आणि चौघांचं सामान टाकलं की मागून पार बसायची. भंडारदऱ्याहून साम्रदला जाताना दर खड्ड्यात ॲक्सल वरच्या रबरावर आदळायचा.

"दोन पाटे वाढवा, विषय संपला," गॅरेजवाले म्हणाले. पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. वाढवले. रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडायला लागली, मणके ढिले झाले. महिन्याभरात काढून टाकले.

मग थेट पाटेवाल्याला गाठलं. संच सोडवला तर मुख्य पाटा जवळपास सपाट, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) रबरी बुश फाटून लोखंडावर लोखंड घासलेलं. त्याने पाटे भट्टीत तापवून कमान भरली म्हणजे गेलेला बाक परत आणला, पाणी दिलं (म्हणजे कडक व्हायला तेलात बुडवले, पण म्हणायचं पाणीच). एकच पातळ पाटा जोडला. बुश नवे, पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्टही नवेच. एकदा ताणलेले परत वापरू नयेत. लांब शॅकलचा नाद सोडला. तो दोन इंच वाढवला तरी गाडी उचलते इंचभरच.

मागची बाजू दीड इंच वर आली. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. भार बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला ती रिकामीच वाटते. घाट उतरताना मागचे ब्रेक कमी लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घेतली.

तीनशे किलोमीटरनंतर यू बोल्टला पाना लावला. चांगले अर्धा फेरा फिरले.